उधारीची उतरंड

गावपातळीवरची इंटरनेट सेवा हा वरवर तंत्रज्ञानाचा व्यवसाय दिसत असला, तरी तो तगतो की बुडतो हे बहुतेक वेळा वसुलीवर ठरते. केबल एकदा ओढून झाली की तिच्यातून जाणारा प्रकाश महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि तिसाव्या तारखेला सारखाच असतो. गिऱ्हाइकाच्या हातातील पैसा मात्र तसा नसतो. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे ज्या शेतीवर उभी आहेत, तिथे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, तूर आणि हरभऱ्याचा संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत येतो, आणि उसाचा कारखाना देईल तेव्हा येतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने बियाणे, खत, फवारणी आणि मुलांची फी यांत जातात, म्हणजे त्या काळात पैसा फक्त बाहेर पडत असतो. इंटरनेटचे बिल मात्र याही चार महिन्यांत दर महिन्याला ठरल्या दिवशी येतच राहते. या दोन दिनदर्शिकांमधले अंतर कोणाला तरी आपल्या खिशातून भरून काढावे लागते, आणि ते नेमके कोण भरून काढते, हे समजल्याशिवाय ग्रामीण इंटरनेट सेवेचे अर्थकारण समजत नाही.

किल्लारीच्या बाबतीत या अर्थकारणाला भूगोलाचीही एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला, त्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुनी गावठाणे दाटीची होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद आणि मधून अरुंद बोळ अशी त्यांची रचना होती, आणि त्याच भिंतींखाली माणसे गाडली गेल्यामुळे नव्या गावांत रुंद रस्ते, सुटे प्लॉट आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची स्वतंत्र घरे आली. ज्या लोकांनी ती पहाट पाहिली त्यांना मोकळी जागा हवी होती, आणि ती मागणी पूर्णपणे रास्त होती. परंतु गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट पसरले, की नळ, गटार, वीज आणि पुढे इंटरनेट यांपैकी जे काही घरोघर न्यायचे असते त्याची लांबीही त्याच प्रमाणात वाढते. दाट वस्तीच्या गल्लीत एका खांबावरच्या डब्यातून आठ घरांना जोडण्या देता येतात. पुनर्वसित गावात तेवढ्याच आठ घरांसाठी दोन-तीन रस्ते ओलांडावे लागतात. खांबापासून घरापर्यंतची वायर, घरातील ओएनयू, म्हणजे प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारा छोटा डबा, आणि वायफायचा राउटर या सगळ्यांचा खर्च जोडणी देतानाच होतो, आणि गिऱ्हाईक तो एकरकमी द्यायला सहसा तयार नसल्यामुळे सेवा देणारा तो महिन्यांच्या बिलांमधून हळूहळू वसूल करतो. म्हणजे पहिले बिल निघण्याआधीच पहिली उधारी सुरू झालेली असते.

बिलांचा हा प्रवास वरून खाली पाहिला तर उतरंडीसारखा दिसतो. उतरंडीत मोठी भांडी खाली आणि लहान वर रचतात, त्यामुळे भार पेलणारे भांडे मोठे असते. या व्यवसायात रचना उलटी झाली आहे आणि सर्वांत लहान माणूस सर्वांत तळाशी आहे. वरच्या टोकाला आंतरराष्ट्रीय बँडविड्थ विकणाऱ्या कंपन्या असतात. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते ती क्षमता, आणि घाऊक बाजारात तिचे बिल काढण्याची जगभर रूढ असलेली एक पद्धत पंच्याण्णवाव्या शतमकाची आहे: दर पाच मिनिटांनी वापराची नोंद घ्यायची, ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात, त्यांपैकी सर्वांत मोठ्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल आकारायचे. म्हणजेच महिन्यातील ३६ तासांची गर्दी फुकट आणि बाकीच्या काळातील कमाल वापर विकत. लहान सेवादात्याच्या वाट्याला ही सवलतही सहसा येत नाही. तो ठरावीक क्षमतेचा पोर्ट ठरावीक मासिक दराने घेतो आणि पैसे आगाऊ भरतो. गावात त्याच्या ४०० गिऱ्हाइकांपैकी ३२० जणांनी पैसे दिले काय किंवा ४०० जणांनी दिले काय, पोर्टचे बिल तेवढेच राहते.

गावात ज्याला लोक ‘नेटवाला’ म्हणतात तो बहुधा परवानाधारकही नसतो. १९९८ च्या धोरणाने इंटरनेट सेवा खासगी क्षेत्राला खुली झाली तेव्हा परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले: संपूर्ण देशासाठी ए, दूरसंचार परिमंडळ किंवा महानगरासाठी बी आणि साधारणतः एखाद्या जिल्ह्याएवढ्या दूरध्वनी क्षेत्रासाठी सी. परंतु सी वर्गाचा परवाना घेतला तरी नोंदी ठेवणे, परवाना शुल्क भरणे, कायद्यानुसार माहिती जतन करणे ही कामे मागे लागतात, आणि दोन-चारशे जोडण्यांच्या धंद्याला ती झेपत नाहीत. म्हणून गावातील बहुतेक नेटवाले एखाद्या परवानाधारक कंपनीचे किंवा बीएसएनएलचे फ्रँचायझी म्हणून काम करतात, आणि त्यांच्यात पूर्वी केबल टीव्ही चालवणारेच पुष्कळ असतात.

हा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे, कारण वसुलीच्या आजच्या सवयी तिथूनच आल्या. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्यानंतरच्या दोन दशकांत केबलचे पैसे घरोघर फिरून रोख गोळा केले जात. बारा महिन्यांचे चौकोन छापलेले एक कार्ड गिऱ्हाइकाकडे असे, वसुलीचा मुलगा पैसे घेऊन त्या महिन्याच्या चौकोनात सही करी, आणि ज्या घरी पैसे नसतील तिथे चौकोन कोरा सोडून पुढच्या घरी जाई. वायर एका खांबावरून सर्वांना गेलेली असल्यामुळे एकाच घराची सेवा थांबवायची तर शिडी लावून वायर तोडावी लागे, आणि नंतर ती जोडायलाही पुन्हा शिडी लावावी लागे. दोनशे रुपयांसाठी कोणी दोनदा शिडी लावत नाही, शिवाय ज्याची वायर तोडायची तो भावकीतला किंवा शेजारचा असे. त्यामुळे थकबाकी साचत जाई आणि सणावाराला एकदम चुकती होई. डिजिटायझेशनचा ग्रामीण टप्पा ३१ मार्च २०१७ पर्यंत पूर्ण करायचा ठरला आणि प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स आला, तेव्हा कार्यालयात बसून एकेक बॉक्स बंद करणे शक्य झाले आणि ‘केबलचे पैसे’ जाऊन ‘रिचार्ज’ हा शब्द आला.

इंटरनेटने हीच सोय आणखी पक्की केली. सेवादात्याच्या मुख्य यंत्राजवळ रेडियस नावाची प्रणाली चालते. १९९१ मध्ये लिव्हिंग्स्टन या अमेरिकी कंपनीने दूरध्वनीवरून जोडल्या जाणाऱ्या संगणकांसाठी ती तयार केली आणि आजही जगातील असंख्य सेवादाते तीच वापरतात. गिऱ्हाइकाचा राउटर चालू झाला की तो आपले नाव आणि पासवर्ड पाठवतो; रेडियस तीन प्रश्न तपासते: हा माणूस खरोखर आपला गिऱ्हाईक आहे का, त्याला किती वेगाची परवानगी आहे आणि त्याने किती वापर केला. मुदतीची तारीख उलटली की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते आणि राउटरला प्रवेश मिळत नाही. घरात याचा परिणाम दिव्यांवर दिसतो. वायर तुटली असेल तर ओएनयूवरचा ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकतो. रिचार्ज संपला असेल तर तो दिवा शांत असतो, ‘पॉन’चा हिरवा दिवाही स्थिर असतो, म्हणजे प्रकाश घरापर्यंत व्यवस्थित पोहोचलेला असतो, फक्त राउटरवरचा इंटरनेटचा दिवा विझलेला असतो. ‘नेट बंद पडलं’ असा फोन आला की नेटवाला पहिला प्रश्न लाल दिव्याचा विचारतो, आणि लाल दिवा नाही असे उत्तर आले की पुढचे बोलणे पैशांचे असणार हे दोन्हीकडे ठाऊक असते.

इथवर पाहिले तर प्रीपेड पद्धतीने उधारी संपवली असे वाटेल, आणि कंपन्यांच्या ताळेबंदात ती खरोखर संपलेली असते. फ्रँचायझीने कंपनीकडे आधी पैसे भरून एक वॉलेट ठेवायचे, गिऱ्हाइकाची मुदत वाढवली की कंपनीचा हिस्सा त्यातून तत्क्षणी वजा व्हायचा, अशी रीत आहे. परंतु गिऱ्हाईक फोनवर म्हणते, ‘पट्टी आली की देतो, तेवढं चालू करा.’ पट्टी म्हणजे आडत्याने माल विकल्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई असा हिशेब मांडून शेतकऱ्याला दिलेली चिठ्ठी. तिच्यावरची रक्कम हाती पडेपर्यंत घरात रोख नसते हे नेटवाल्याला माहीत असते, कारण त्याच्याही घरी शेती असते. तो आपल्या वॉलेटमधून मुदत वाढवतो आणि एका वहीत नाव, तारीख, रक्कम लिहून ठेवतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते गिऱ्हाईक ‘पैसे भरलेले’ असते, वहीत ते बाकीदार असते. उधारी नाहीशी झालेली नसते; ज्याच्याकडे बँकेचे कर्ज मिळवण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या वहीत ती उतरलेली असते. प्रीपेडची ही बाजू दूरसंचार क्षेत्राच्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, आणि म्हणूनच गावातील नेटवाला ‘चांगला चाललेला’ धंदा एकाएकी का सोडून देतो हे बाहेरच्यांना कळत नाही.

गिऱ्हाइकाला दोष देण्यापूर्वी त्याच्याकडे पैसे कुठून येतात तेही पाहिले पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची किमान किंमत ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे असते. मराठवाड्यातील कोणत्याही ऊस उत्पादकाला हा नियम ठाऊक असतो आणि तो किती वेळा पाळला गेला नाही हेही ठाऊक असते. त्यामुळे ‘बिल निघालं की देतो’ हे उत्तर अनेकदा सरळ वस्तुस्थिती असते. वरून थकलेला पैसाच खाली थकतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा ज्या पट्टीच्या भरवशावर उन्हाळ्यापासूनची उधारी लिहिली गेली होती ती पट्टीच अनेक घरांत आली नाही.

याच्या जोडीला कर येतो. दूरसंचार सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी बंधनकारक होते. करवगळता ५०० रुपयांची योजना आणि ४०० गिऱ्हाइके धरली, तर वर्षाची उलाढाल २४ लाख होते, म्हणजे स्वतःच्या नावाने बिल करणारा अगदी साधा धंदाही या रेषेच्या वर जातो. कराची देयता बिलाची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख यांपैकी जी आधी येईल तिच्यावर ठरते. समजा, एखाद्या महिन्यात ८० गिऱ्हाइकांनी बिल घेतले पण पैसे दिले नाहीत. प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे ७,२०० रुपयांचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत पदरचा भरावा लागतो, आणि तो चुकला तर त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. त्यांतील एखादे कुटुंब पुण्याला स्थलांतरित झाले आणि बिल कायमचे बुडाले, तरी केवळ बुडीत म्हणून भरलेला कर परत मिळत नाही. लहान व्यावसायिक महिन्याच्या शेवटी उधारीवर बिल देण्याऐवजी आगाऊ पैसे घेण्यासाठी एवढा आग्रह का धरतो, याचे खरे उत्तर या नियमात आहे. बुडीत रकमेवरील कर परत देण्याची सोय इतर काही देशांच्या कायद्यांत आहे; भारतात ती नसणे हे छोट्या सेवाव्यवसायावरचे अन्यायकारक ओझे आहे.

बिलाच्या मुदतीतही बारकावा असतो. मोबाइल कंपन्यांनी २८ दिवसांचा ‘महिना’ रूढ केल्यामुळे वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज करावे लागू लागले, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस होतात. २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीला किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवायला लावली. गावातील नेटवाल्याकडे ही अडचण वेगळ्या रूपात येते. गिऱ्हाइकाचा रिचार्ज १० तारखेला संपला आणि त्याने १८ तारखेला पैसे दिले, तर नवी मुदत १० पासून मोजायची की १८ पासून? १८ पासून मोजली तर मधल्या काळात सेवा बंद असल्यामुळे गिऱ्हाइकाचे नुकसान होत नाही, परंतु वर्षभर दर महिन्याला आठ दिवस उशीर करणारा बाराऐवजी साधारण साडेनऊ महिन्यांचेच पैसे देतो आणि पोर्टचे बिल तर बारा महिन्यांचे आलेले असते. १० पासून मोजली तर न मिळालेल्या सेवेचे पैसे मागितल्यासारखे होते आणि तंटा उभा राहतो. याचे सर्वमान्य उत्तर नाही. जोडणी देताना ते स्पष्ट सांगून कागदावर घेतले तर निम्मे वाद टळतात, आणि नेमके तेवढेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

उशिराच्या बाबतीत सरकारी कार्यालयांचा प्रकार स्वतंत्र आहे. ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र यांच्याकडे पैसा अनुदानाच्या रूपाने येतो आणि पुष्कळसा मार्चअखेरीस येतो, त्यामुळे त्यांची बिले महिनोन्‌महिने फायलीत राहतात. जोडणी तोडावी तर गावाचीच कामे अडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने अशा विक्रेत्याला चांगले संरक्षण दिले आहे. लेखी करार असेल तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर ती १५ दिवस असते, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि तक्रार सुकरता परिषदेकडे, म्हणजे अशा वादांसाठी राज्याने नेमलेल्या मंडळाकडे, करावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही भर पडली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत वजावटीस मिळत नाही. या तरतुदीमुळे खासगी रुग्णालय, पेट्रोल पंप किंवा जिनिंग मिल यांच्यावर दडपण येते. ग्रामपंचायतीला आयकराची वजावट घ्यायची नसल्यामुळे तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि जिच्याकडून पुढच्या वर्षीही काम हवे आहे तिच्याविरुद्ध परिषदेत जाणारा गावातला नेटवाला सहसा आढळत नाही.

घरगुती गिऱ्हाइकाची सेवा तोडण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेड इंटरनेट मात्र मुदत संपताच आपोआप बंद होते. खरीप पीक विम्याचे अर्ज बहुतेक वर्षी जुलैअखेरपर्यंत भरायचे असतात, ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची असते, अकरावी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश जून-जुलैत ऑनलाइन होतात, आणि लातूरच्या शिकवण्यांत शिकणारे मूल सुट्टीत घरी आले तरी त्याच्या चाचण्या पडद्यावरच असतात. म्हणजे घरात रोख सर्वांत कमी असते तेव्हाच इंटरनेटची गरज सर्वांत मोठी असते. उलट बाजूने, सेवा बंद राहिली तर गिऱ्हाइकाचाही हक्क आहे: २००६ च्या ब्रॉडबँड सेवा-गुणवत्ता नियमांनी तीन दिवसांहून अधिक टिकलेल्या बिघाडासाठी सात दिवसांच्या आणि पंधरा दिवसांहून अधिक टिकलेल्या बिघाडासाठी महिनाभराच्या किमान आकाराची सूट सांगितली होती. हंगामात उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावरून आडवी गेलेली वायर तोडून नेते आणि जोड घालायला दोन दिवस लागतात, तेव्हा तेवढे दिवस न मागता मुदतीत वाढवून देणारा नेटवाला पुढच्या वसुलीत त्याचा मोबदला मिळवतो. जो वाढवून देत नाही त्याला ‘नेट कुठं चालू होतं?’ हे ऐकून घ्यावे लागते.

यातून निघणारे मार्ग फार चमकदार नाहीत, परंतु ते उपयोगी आहेत. मुदत संपताच सेवा पूर्ण बंद करण्याऐवजी वेग अगदी कमी करून ठेवणे रेडियसच्या साध्या मांडणीतच शक्य असते. त्यामुळे अर्ज भरता येतो, निरोप जातो, आणि चित्रपट पाहता येत नसल्यामुळे पैसे द्यायची आठवणही राहते. केनियात २०१० नंतरच्या दशकात एम-कोपा या कंपनीने सौर दिव्यांचे संच रोजच्या रोज मोबाइलवरून थोडे थोडे पैसे घेऊन विकले. मजुरी करणाऱ्या घरांसाठी आठवड्याचा रिचार्ज त्याच तत्त्वावर चालू शकतो. २०२० मध्ये आलेल्या यूपीआय ऑटोपेचा उपयोग शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक अशा दरमहा पगार असणाऱ्यांना होतो. हंगामी उत्पन्नाच्या खात्यात ठरल्या तारखेला शिल्लकच नसते, म्हणून तिथे तो निष्फळ ठरतो. शेतकरी घरांसाठी सर्वांत योग्य पद्धत जुनीच आहे: दिवाळीत, हातात पट्टीचा पैसा असताना, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एक महिना सूट देऊन एकदम घेणे. यात नेटवाल्याला स्वस्त भांडवल मिळते आणि वर्षाचे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाचे पावसाळ्यातले चार महिने निश्चिंत जातात. धोका एकच, आणि तो गंभीर आहे: आगाऊ घेतलेली रक्कम नव्या वायरवर किंवा घरखर्चात खर्च झाली, तर मे महिन्यापासून पोर्टचे बिल भरायला पैसे उरत नाहीत आणि वर्षाचे पैसे दिलेले गिऱ्हाईकच अंधारात बसते. म्हणून आलेल्या रकमेचे महिन्यांनुसार भाग पाडून पुढचे भाग वेगळ्या खात्यात ठेवणे हे या पद्धतीचे अर्धे काम आहे, आणि सॉफ्टवेअर ते करत नाही.

ते वहीतच करावे लागते. बाजारपेठेतील दुकानांप्रमाणे लक्ष्मीपूजनाला नवी वही घालण्याची रीत केबलवाल्यांतही होती आणि त्यांच्यापैकी जे नेटवाले झाले त्यांनी ती पुष्कळ ठिकाणी चालू ठेवली आहे. त्या आठवड्यात जुन्या वहीतली नावे एकेक करून काढली जातात, ज्यांनी चुकते केले त्यांच्यावर रेघ मारली जाते, आणि ज्यांची पट्टी अजून यायची आहे त्यांची बाकी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘मागील वहीवरून’ असे लिहून ओढून घेतली जाते.